पत्र कुणाला लिहायचं?

भाऊनं चार घड्यांचा कागद उलगडून कट्ट्यावर आमच्या मधोमध ठेवला आणि उडू नये म्हणून वर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. त्याच्या चर्चच्या मंडळींनी लिहिलेलं निवेदन होतं. आज जिथे जिथे युद्ध चालू आहे तिथल्या सगळ्या राष्ट्रप्रमुखांना एकच मजकूर जाणार होता: गोळीबार थांबवा, चर्चेला बसा. खाली सह्यांसाठी रेघा मारलेल्या. ‘‘वाचा आणि पटलं तर सही करा,’’ एवढंच तो म्हणाला.

वकिलानं वाचला आणि कागद परत जुडग्याखाली सरकवला. ‘‘भाऊ, राग मानू नकोस. पण असल्या कागदानं आजवर एक तरी तोफ थांबली आहे का?’’

‘‘नाही थांबली असं धरून चालू,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मग लिहू नये?’’

‘‘लिहावं की. फक्त लिहिलं म्हणजे काही केलं असं समजू नये.’’

इथून जी जुंपली ती अंधार पडेपर्यंत.

मास्तरांचा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. त्यांनी 1854 साल काढलं. क्रिमियाचं युद्ध तोंडावर आलेलं, इंग्लंड आणि रशिया एकमेकांवर डोळे वटारून बसलेले. अशात इंग्लंडमधले तीन क्वेकर, म्हणजे कुठलंच युद्ध न मानणाऱ्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे लोक, भर हिवाळ्यात रशियाच्या तेव्हाच्या राजधानीला, सेंट पीटर्सबर्गला निघाले. जोसेफ स्टर्ज धान्याचा व्यापारी, रॉबर्ट चार्लटन टाचण्यांचा कारखानदार, हेन्री पीज रेल्वे उभारणाऱ्या घराण्यातला. मुत्सद्दी त्यांत एकही नाही. 10 फेब्रुवारीला झार पहिला निकोलस त्यांना भेटला, त्यांचं निवेदन ऐकून घेतलं, सौजन्यानं वागला. तिघं परतले आणि मार्च सरायच्या आत इंग्लंडनं युद्ध पुकारलं. मायदेशातल्या वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली.

‘‘बघा, तुमच्याच तोंडून आलं,’’ वकील म्हणाला. ‘‘शिवाय शत्रूच्या राजाला शहाणपण शिकवायला काय लागतं? घरच्या राजाला सांगून बघायचं होतं.’’

‘‘सांगितलं की! जॉन ब्राइट क्वेकरच होता आणि खासदारही होता. युद्ध ऐन भरात असताना, 1855 च्या फेब्रुवारीत, भर सभागृहात उभा राहून म्हणाला की मृत्यूचा दूत देशभर फिरतोय, त्याच्या पंखांची फडफड ऐकू येईल अशी. सभागृह स्तब्ध झालं. आणि 1857 च्या निवडणुकीत मँचेस्टरकरांनी त्याला पाडलं.’’

‘‘म्हणजे परत शून्य.’’

ताई तोवर गप्प होती. ती म्हणाली, ‘‘मास्तर, तुम्ही फिनलंडचं सांगितलंच नाही.’’

मग तिनंच सांगितलं. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होतं. 1854 मध्ये इंग्लंडच्या आरमारानं तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये डांबराचे आणि लाकडाचे साठे पेटवले, जहाजं जाळली. लोकांची पोटं त्याच मालावर चालायची. युद्ध संपल्यावर, 1856 मध्ये, हा स्टर्ज स्वतः तिकडे गेला. आपल्या आरमारानं काय करून ठेवलंय ते डोळ्यांनी पाहिलं आणि परत येऊन क्वेकरांकडून त्या लोकांसाठी मदतनिधी उभा केला. साठीच्या घरातला माणूस. ज्याच्या विनंतीला दोन वर्षांपूर्वी केराची टोपली मिळाली होती, तोच.

मला विचाराल तर सगळ्या चर्चेत मोलाचं होतं ते हेच. युद्ध टळलं नाही, मान्य. पण ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ म्हणून स्टर्जनं हात झटकले नाहीत. आपल्या देशानं लावलेली आग आपलीच मानून तो जळालेल्या गावांत गेला. पत्राखालची सही किती खरी होती ते अशा वेळी कळतं.

वकील हार मानणाऱ्यातला नव्हे. त्यानं रोख बदलला. ‘‘ठीक, क्वेकर चांगले. पण ते मूठभर. मोठी चर्चं काय करत आली? 1095 मध्ये धर्मयुद्धाची हाक खुद्द पोपनं दिली. आणि आज? युक्रेनवरच्या हल्ल्याला मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, आशीर्वाद देतात. भाऊ, तुझाच धर्म तोफांवर पवित्र पाणी शिंपडतो, आणि तू शांततेचे कागद फिरवतोस.’’

हे भाऊला लागलं. त्यानं किल्ल्या उचलल्या, परत ठेवल्या. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘खरं आहे. त्याची लाज वाटते. पण त्याच चर्चमधलं दुसरंही ऐक. पॅट्रिआर्कनी सगळ्या चर्चमध्ये एक प्रार्थना म्हणायला लावली, तिच्यात रशियाला ‘विजय’ मिळो असं होतं. मॉस्कोतल्या एका पाद्रीनं प्रार्थना तीच म्हटली, फक्त ‘विजय’ या शब्दाच्या जागी ‘शांती’ म्हटलं. एक शब्द. कुणीतरी तक्रार केली. 2023 मध्ये त्याचं पाद्रीपद काढून घेतलं.’’

कुणी काही बोललं नाही. मी तर तो शब्द मनात बदलून पाहत होतो. वेदीसमोर उभं राहायचं, समोर ओळखीची माणसं, त्यातला कोण चुगली करेल ठाऊक नाही, आणि तो शब्द जवळ येतोय.

‘‘मानलं,’’ वकील म्हणाला. ‘‘पण आता माझा खरा मुद्दा. तुझं पत्र सगळ्यांना सारखंच जाणार. ज्यानं सैन्य घुसवलं त्यालाही ‘थांबा’ आणि ज्याच्या अंगणात ते घुसलं त्यालाही ‘थांबा’. चोराला आणि घरमालकाला एकाच दमात शांत राहा म्हणणं हा न्याय झाला का?’’

भाऊनं येशूचं डोंगरावरचं प्रवचन आठवून दिलं, शांती करणारे ते धन्य. मास्तरांनी जुने ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांचा दाखला दिला, की युद्ध काही वेळा न्याय्य असू शकतं असं मानणारी परंपराही ख्रिस्ती विचारात चौथ्या-पाचव्या शतकापासून आहे. दोघांचंही मी ऐकलं, पण वकिलाच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं. मी तसं बोललोही. मार खाणाऱ्याला मारणाऱ्याच्याच रांगेत उभं करणारं पत्र गुळमुळीत होतं आणि राज्यकर्ते असली गुळमुळीत पत्रं आनंदानं स्वीकारतात.

‘‘मग काय लिहायचं?’’ भाऊनं विचारलं. उपरोधानं नव्हे, खरोखर.

त्यावर ताईनं पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची गोष्ट काढली. 2003 साल. चौदा वर्षांत दोन यादवी युद्धं झालेली, लहान पोरांच्या हातात बंदुका. लेमा बोवी नावाची बाई, लुथरन चर्चच्या कामातली, हिनं आधी चर्चमधल्या बायका जमवल्या, मग मुसलमान बायकाही आल्या. राजधानी मन्रोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात, राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरचा ताफा ज्या रस्त्यानं जायचा त्याच्या कडेला, पांढरे कपडे घालून त्या रोज बसायच्या. उन्हात, पावसात. एप्रिलमध्ये टेलरला त्यांना भेटावंच लागलं. चर्चेला जातो म्हणाला. बंडखोरांकडूनही त्यांनी तेच कबूल करून घेतलं.

‘‘आणि चर्चा घानामध्ये आक्रात सुरू झाली ती रेंगाळली,’’ ताई सांगत होती. ‘‘पुढारी हॉटेलात आरामात, मन्रोव्हियात तोफगोळे पडतायत. तेव्हा या बायका तिथे जाऊन सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या. करार केल्याशिवाय एकालाही बाहेर सोडणार नाही. शिपाई लेमाला अटक करायला आले, तर ती अंगावरचे कपडे उतरवायला लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईनं असं करणं म्हणजे बघणाऱ्याला शाप. शिपाई मागे सरले. ऑगस्टमध्ये टेलर पायउतार झाला, 18 ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.’’

‘‘त्यात बंडखोर राजधानीपर्यंत पोचले होते, बाहेरच्या देशांचा दाब होता, तेही धर,’’ वकील म्हणाला.

‘‘धरते. पण बायका नसत्या तर तो दाब दारापाशीच थांबला असता. आणि त्या बोलल्या कुणाशी? आपल्याच अध्यक्षाशी, आपल्याच गावच्या बंडखोरांशी.’’

भाऊ म्हणाला, ‘‘मार्टिन ल्यूथर किंगही तेच करत होते. 4 एप्रिल 1967 ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाममधल्या युद्धावर बोलले ते स्वतःच्या सरकारविरुद्ध. कालपर्यंत बाजूनं लिहिणारी वर्तमानपत्रंही उलटली.’’

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. मी कागद ओढला आणि वरची यादी वाचली. आठ-नऊ देशांचे प्रमुख होते. आपल्या सरकारचं नाव त्यात नव्हतं. आपण शस्त्रं कुणाकडून घेतो, कुणाला विकतो, युद्धबंदीच्या ठरावावर मत द्यायची वेळ आली की काय करतो, यातलं एक अक्षर नव्हतं. ज्यांच्यावर आपली काडीची सत्ता नाही त्या सगळ्यांना लिहिलं होतं, आणि ज्यांना आपण निवडून देतो त्यांना वगळलं होतं.

भाऊनं यादी पुन्हा वाचली. ‘‘कुणाच्या लक्षातच आलं नाही,’’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, ‘‘किंवा आलं असेल.’’

वकिलानं पेन काढलं. पहिल्या परिच्छेदातलं ‘दोन्ही बाजूंनी’ त्यानं खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘ज्याचं सैन्य दुसऱ्याच्या भूमीवर आहे त्यानं ते आधी मागे घ्यावं.’ मास्तरांनी त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. यादीच्या अगदी वर मी आपल्या सरकारचं नाव घातलं.

‘‘हे असं गेलं तर मंडळीतल्या निम्म्या सह्या मागे घेतल्या जातील,’’ भाऊ म्हणाला. ‘‘दोघातिघांची पोरं सरकारी नोकरीत आहेत.’’

‘‘तुझी राहील ना?’’ ताईनं विचारलं.

त्यानं वकिलाच्या हातातलं पेन घेतलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पत्र पहिल्यापासून लिहायला घेतलं.