काही बदललंच नाही, मग पैसे कसले?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं. "या इलेक्ट्रिशियनला कुणी बोलावू नका. वीस मिनिटं मेन स्विचची पेटी (डीबी) उघडून बसला, एकही पार्ट बदलला नाही आणि 400 रुपये घेऊन गेला. लुटारू." खाली अंगठ्यांची रांग. कुणीतरी लगेच, "सगळे असलेच असतात."

हा लुटारू म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन काका. नंबर मीच दिला होता.

मेसेज टाकणाऱ्या वहिनींना फोन करून विचारलं, झालं काय होतं? तर मिक्सर लावला की दिवे मिचमिचायचे, पंखा मंदावायचा. काकांना न्यूट्रलचा स्क्रू ढिला सापडला. वायरचं टोक काळं पडलेलं. ते कापून, नव्याने सोलून घट्ट बसवलं. मग आता? "आता होत नाही. पण बदललं काहीच नाही ना!" अहो, ढिला जॉइंट तापत राहतो, आणि डीबी पेटते ती अशाच जागी. बदलायला हवं काय होतं तुम्हाला, अख्खा टीव्ही?

गेल्या हिवाळ्यात आईकडे काय झालं ते सांगते, मग बोला. नाशिकच्या सिडकोतलं घर. खालच्या दोन खोल्या मूळच्या, वरचा मजला नंतर चढवलेला, आणि वरची वीज खालच्याच वायरिंगमधून ओढलेली. सिडकोत राहिलात तर हे नवीन नाही. थंडी पडली आणि रोज सकाळी गीझरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागला. आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक मुलगा बोलावला. तो आला, 16 अँपिअरचा एमसीबी काढला, 32 चा टाकला. "मावशी, आता पडायचा नाही." खरंच पडला नाही! आई खूश, पैसे झटपट दिले. नवीन पार्ट डोळ्यांनी दिसला ना.

काही दिवसांनी बाथरूमबाहेरच्या बोर्डाला वास यायला लागला. आईला वाटलं शेजारी कचरा जाळताहेत.

मैत्रिणीच्या ओळखीने काका आले. सातपूरच्या आयटीआयचे, पुढे अंबडच्या कंपनीत मेंटेनन्सला आयुष्य गेलं. पेचकस काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "पडायचा तेव्हा घरात काय काय चालू असायचं?" मला हे इतकं आवडलं ना! आधीच्या पोराने एक प्रश्न विचारला नव्हता. तर खाली गीझर आणि त्याच वेळी वर माझ्या भावाच्या बायकोचं, वहिनीचं इंडक्शन. 3000 वॅटचा गीझर म्हणजे 13 अँपिअर, 2000 चं इंडक्शन म्हणजे जवळपास 9, आणि दोन्ही एकाच दीड चौरस मिलिमीटरच्या बारीक, जुन्या वायरवर. काकांनी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्ड उघडला. आतल्या वायरचं लाल प्लास्टिक तपकिरी झालेलं, बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. म्हणाले, "ताई, तो पडत होता ते बरं होतं. एमसीबी वायर वाचवायला असतो. मोठा टाकला की वायर जळते, तो नुसता बघत बसतो."

मग गीझरला 4 चौरस मिलिमीटरच्या जाड वायरची वेगळी लाईन, पुन्हा 16 चा एमसीबी, टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासलं, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. आई आरसीसीबीला नको म्हणत होती, महाग आहे म्हणून. काका म्हणाले, "मावशी, माझी मजुरी नंतर द्या, पण हा बसवू द्या." बाथरूममध्ये ओल्या अंगाने करंट लागला तर माणसाला वाचवायचं काम एमसीबीचं नाही, याचं आहे. हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी चहाशिवाय काही घेतलं नाही त्यांनी, आणि जाताना प्लास्टरचा चुरा स्वतः झाडून गेले.

आता ग्रुपवरच्या हिशोबाने यातला चोख माणूस कोण? तो 32 वाला. स्वस्त, झटपट, पार्ट बदलणारा.

बरं, चोर असतात, मान्य आहे. नसलेला दोष दाखवणारे, उरलेली तांब्याची वायर पिशवीत घालणारे, "निघालोच ताई" म्हणून फोन बंद करणारे. आमचे काकासुद्धा सकाळी येतो म्हणून संध्याकाळी उगवतात, त्यावरून माझं त्यांच्याशी भांडण झालेलं आहे. ॲपवरची मुलं वेळेवर येतात हेही खरं. पण मीटरपर्यंतचं महावितरण बघतं, पुढचं सगळं आपल्या गळ्यात. भिंतीच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून माणूस लागतो. वायरिंग परवानाधारकाकडून करून घ्यावं असा नियम आहे. आजवर कुणाला परवाना विचारलात? मला तरी आठवत नाही असं विचारणारं कुणी. आपण विचारतो एकच, "कमी किती करणार?"

रविवारी गंगापूर रोडला अख्खं खानदान मिसळ खायला नेता, हजार रुपये सहज जातात, तिथे नाही कुणी म्हणत काउंटरवर, "भाऊ, शंभर कमी करा." तर्री वाढवून मागता फक्त.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मेसेजवाल्या त्या वहिनी वाईट नाहीत, माझ्या मुलीच्या आजारपणात डबा त्यांनीच पाठवला होता. पण मेसेज अजून तसाच आहे, काढलेला नाही, आणि काकांचा भाचा आमच्याच ग्रुपवर आहे. त्यांच्यापर्यंत पोचला असणारच. दुपारी मी त्यांना फोन केला, तर तो विषयच काढला नाही त्यांनी. "आईंच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबता ना महिन्यातून एकदा?" एवढंच.

काकांचा नंबर इथे टाकणार नाही. लागेल त्याने इनबॉक्समध्ये या, त्यांना विचारून देईन. फक्त "व्हिजिटचे पैसे वेगळे का?" हे विचारायचं असेल तर येऊ नका. त्या 32 वाल्याचं दुकान अजून चालू आहे.