आडवी धडक खाण्यापूर्वीची पूर्वतयारी

समोरून धडक बसली तर निदान बॉनेट मध्ये येतं. बाजूनं बसली तर टेम्पो आणि तुमची बरगडी यांच्यामध्ये फक्त दाराचा पत्रा. तेव्हा असली धडक खायचीच असेल तर नीट तयारी करून खा. आम्ही मागच्या फेब्रुवारीत कर्वे रस्त्यावरच्या एका चौकात अगदीच बेसावधपणे खाल्ली. डावीकडून पिकअप आला, हिच्या दारावर. आमचा सिग्नल हिरवा होता. (हे वाक्य मी आजवर 19 जणांना सांगितलंय. एकानंही लिहून घेतलेलं नाही.)

सगळ्यात आधी जागा निवडा. चौकाच्या मधोमध अजिबात नको. आमच्या चौकाच्या अलीकडे एक पोलीस ठाणं, पलीकडे दुसरं. गाडीला धडक बसली अलीकडे, ती घसरत जाऊन थांबली पलीकडे. पहिल्या ठाण्यात विचारलं, "गाडी कुठंय? पलीकडे? मग तिकडं जा." दुसऱ्या ठाण्यात विचारलं, "धडक कुठं बसली? अलीकडे? मग इथं कशाला आलात?" जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी ते घरून पाठ करून गेलो आणि म्हणून दाखवलं. हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" म्हटलं, नाही. "मग?" या 'मग'ला संहितेत उत्तर नाही. पुढे साहेब बंदोबस्ताला गेले. मग साहेब जेवायला गेले. मग साहेबांची बदली होणार होती म्हणून नवीन साहेब आले की या. तपास अधिकाऱ्यानं 48 तासांत पहिला अपघात अहवाल अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाला पाठवायचा, असा 2022 चा नियम आहे म्हणे. आमचा पंचनामाच नवव्या दिवशी झाला! तोवर काचा झाडूवाल्या मावशींनी गोळा करून नेल्या होत्या. पंच कोण, तर कोपऱ्यावरचा पानटपरीवाला, जो त्या दिवशी सासरवाडीला गेला होता. आणि पंचनाम्यात काय, तर "ब्रेकच्या खुणा दिसून येत नाहीत." अहो, नवव्या दिवशी कशा दिसतील? आणि त्यानं ब्रेक मारला असता तर मी इथं कशाला आलो असतो?

दवाखान्यात पोचल्यावर हाड कुठं मोडलंय ते नंतर बघा, आधी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली का ते बघा.

टेम्पोचा मालक भेटायला येईल. चहा द्या. आमच्याकडे चार माणसं घेऊन आला, आमच्या गाडीपेक्षा दुप्पट मोठ्या गाडीतून. म्हणाला, गरीब माणूस आहे साहेब, डेंटिंगचे पाच हजार घ्या आणि मिटवून टाका.

जखमी व्हायचं असेल तर पगारदार माणसानं व्हावं. ही रोज आठ डबे करून देते आणि एकाचीही पावती फाडत नाही. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, उत्पन्नाचा पुरावा? आयकर विवरण? हिनं पोळ्यांचा तवा दाखवला असता, पण उजवा खांदा वर जात नव्हता. घरातल्या बाईच्या कामाची किंमत धरायची, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली पुन्हा एकदा सांगितलंय. किंमत धरतातही, फक्त ती आपण धरतो तेवढी नसते.

गाडीचं म्हणाल तर स्वतःच्या विम्यातून करा आणि नो क्लेम बोनसला, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला, हात जोडून निरोप द्या. प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे घसाऱ्यात जातात. विम्याचा सर्व्हेअर बंपरकडे बघून "हे जुनंच दिसतंय" म्हणेल. म्हणू द्या.

मुदतीची काळजी मात्र घ्या. भरपाईचा दावा दाखल करायची, 1994 साली काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत 2022 पासून परत आणलीय. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. एफआयआरची प्रत मिळायलाच आम्हाला अडीच महिने लागले, हा योगायोग समजा. दावा दाखल केल्यावर टेम्पोच्या विमा कंपनीचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय, अर्जदाराच्या चालकानं, म्हणजे मी, हिरवा सिग्नल असला तरी डावीकडे बघायला हवं होतं. सहभागी निष्काळजीपणा. म्हणजे मोडलेल्या हाडात माझाही वाटा!

पुरावे गोळा करून ठेवा, हा शेवटचा सल्ला. चौकातला कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता. साक्षीदार...

साक्षीदारांनाच जरा बाजूला घेऊन सांगतो. खूप झाला विनोद. त्या दिवशी चौकात निदान तीस माणसं होती. ही दारात अडकलेली, मी आतून लाथा मारतोय, आणि तुम्ही मोबाईल वर धरून उभे होतात. कुणीतरी पाणी दिलं, त्या पोराचं देव भलं करो. बाकीच्यांना मी रक्तानं भरलेल्या हातानं नंबर मागितले. एक म्हणाला, "आम्हाला त्यात ओढू नका." दुसरा म्हणाला, "मिटवून टाका काका." अरे, काय मिटवून टाका? मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करायची नाही, असं मोटार वाहन कायद्याच्या 134 अ कलमाखालच्या नियमांत लिहिलंय. 2019 साली तुमच्याचसाठी घातलंय ते कलम! तरी भीती कसली? व्हिडिओ काढायला भीती वाटली नाही, तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना वाटली नाही. माझ्याच मेव्हण्याला तो कुठूनतरी फिरत फिरत आला, धूसर, आवाज काढून टाकलेला, वर कुणीतरी हसण्याच्या चार बाहुल्या चिकटवलेल्या. न्यायाधिकरणात तो चालत नाही, मूळ चित्रण आणि ते काढणारा माणूस लागतो.

तुम्ही आहात कुठंतरी कोथरूडातच. त्यात पिकअपचा नंबर दिसतोय, त्याच्या बाजूचा लाल दिवा दिसतोय. पुढची तारीख 14 ला आहे. फोनमध्ये अजून असेल तो. घेऊन या.