साडेसहा तासांचे न्यूयॉर्क

न्यूयॉर्कहून परतल्यानंतर लगेचच्या सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टँकरवर वाद चालू असताना, मला डुलकी लागली आणि चौथ्या मजल्यावरचे काका सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साडेसहा तासांच्या प्रवासाने माणूस इतका दमतो?" त्यावर जो हशा पिकला, तो मी अद्याप कोणालाही माफ केलेला नाही.

घराची किल्ली आणि कुंड्या काकांवर सोपवताना तिकिटाची एक प्रतही त्यांच्याकडे गेली होती. रात्री दीडला मुंबईहून निघायचे, सकाळी आठला न्यूयॉर्कला उतरायचे आणि तारीख तीच, एवढ्या भांडवलावर त्यांनी वजाबाकी केली होती. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असते, त्यामुळे विमानात प्रत्यक्ष सोळा तास काढावे लागतात, हे मी त्यांना सभेनंतर जिन्यातच समजावले.

"घड्याळ मागे असेल हो, पण विमान पुढेच जात होतं ना?"

मी त्यांना परतीच्या वेळा पाहायला लावल्या. सकाळी साडेअकराला निघालेला माणूस मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकराला उतरत होता. काकांनी समाधानाने मान डोलावली. "चोवीस तास. बरोबर आहे. येताना सामान जास्त असतं."

वास्तविक येताना विमान तास-दीड तास लवकर पोहोचते, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे त्याला मागून रेटतात; परंतु माझ्या सामानातली बदामांची एक पिशवी काकांच्याच घरी पोहोचलेली असल्याने वजनाचा मुद्दा मला ताणता येईना.

एवढ्यावर थांबले तर ते काका कसले! नातवाचा नकाशा आणि शिवणाचा दोरा घेऊन ते संध्याकाळी घरी आले. त्यांचा दोरा अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया असा ताठ निघाला. सर्वांत जवळची वाट स्कँडिनेव्हियावरून आणि आइसलँडवरून जाते, असे मी सांगताच त्यांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिले. "फिरवलं तुम्हाला. नवखं गिऱ्हाईक दिसलं की आपले ठाण्याचे रिक्षावालेही स्टेशनहून पाचपाखाडीला कोलशेतवरून नेतात."

पृथ्वी गोल असल्याने ती वाकडी दिसणारी वाट सुमारे 12,500 किलोमीटरची आहे आणि त्यांच्या दोऱ्याची वाट त्याहून दीड हजार किलोमीटरपेक्षा अधिक लांब पडेल, हे ऐकून त्यांनी विचारले, "पृथ्वी गोल असल्याचा भुर्दंड प्रवाशाने का भरायचा?"

मधल्या आसनावर, खुर्चीच्या दोन्ही हातांवर शेजाऱ्यांनी हक्क सांगितलेला असताना, सोळा तास बसणे म्हणजे काय, हे मात्र कोणीही विचारले नाही. विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, एवढेच लोक कौतुकाने ऐकतात. तिकिटावर विमानतळापासून विमानतळापर्यंतचाच वेळ छापतात, आणि घोडबंदर रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांलगत, कंटेनरच्या मागे जाणारा वेळ कोणाच्याच हिशेबात येत नाही. काकांना मी अखेर तेही सांगितले, की त्या रात्री घरापासून विमानतळ गाठायला दोन तासांहून अधिक वेळ लागला होता.

काकांनी हातातला दोरा खाली ठेवला. "अरेरे! मग दमणारच हो माणूस."