विराट वादळ, चार गुण

घरात दिवाळी अंक येतात, एवढ्याच पुराव्यावर आमच्या नातेवाइकांनी मला मराठीचा जाणकार ठरवलं आहे. त्यामुळे भाचीची दहावी सुरू झाल्यापासून 'रसग्रहण करा' हा प्रश्न कुठूनही निघाला तरी माझ्याच गळ्यात पडतो. परवा 'कोलंबसाचे गर्वगीत' आलं.

"आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. चार गुण," भाचीने अटी सांगितल्या.

मी खूश. कुसुमाग्रजांची कविता, 1942 च्या 'विशाखा'तली, अर्धीअधिक पाठ. घसा साफ करून 'हजार जिव्हा तुझ्या गर्जु दे' अशी दणदणीत सुरुवात केली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तेवढ्यात हिने लिहूनही टाकलं: समुद्राला जिभा, चेतनगुणोक्ती अलंकार.

पुढे आभाळातले दैत्य ताम्रसुरा पिऊन माततात आणि सूर्य पाताळात दडतो.

"ताम्रसुरा म्हणजे?"

"तांबूस रंगाचं... पेय."

"दारू?"

"काय शिकवतोयस रे तिला?" आतून बहीण ओरडली.

मग झिंगलेले ढग आणि पलिता पाजळणारी वीज आवाज खाली आणून समजवावी लागली. त्यानंतर स्वर्गातून कोसळलेला सैतान वेताळांचा मेळा जमवून दर्यावर तांडव करतो. बायबलातला सैतान, आपल्या वेशीबाहेरचा वेताळ आणि शंकराचं तांडव, सगळे एकाच कडव्यात! मी बोलायला सरसावलो. तिने 'अतिशयोक्ती' लिहिलं आणि पान उलटलं.

खरी पंचाईत शेवटी झाली. गाइडातलं सूत्र पक्कं: वादळ म्हणजे संकट, किनारा म्हणजे ध्येय. आणि इथे कोलंबस समुद्राला सुनावतो, 'किनारा तुला पामराला!'

"अगं, इथे किनारा ही समुद्राची नाचक्की आहे. एवढा गर्जतोस, पण तुझी धाव किनाऱ्यापर्यंत. आमच्या आशेला किनाराच नाही!"

भाचीने पेन खाली ठेवलं. "मामा, पण तो निघाला होता किनारा शोधायलाच ना? खलाशी तर परत फिरा म्हणून मागे लागले होते. 12 ऑक्टोबर 1492 ला जमीन दिसली, तेव्हा कुठे गप्प बसले. इतिहासाच्या सरांनी सांगितलंय."

मी कवीची बाजू सावरायला दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"लिहू काय मग?"

"ध्येय लिही."

"बरं. आणि पामर म्हणजे कोण रे?"