‘तुकडेबंदी उठली, आता बिनधास्त गुंठा घ्या’ : या मेसेजला उत्तर

गुंठ्यांच्या प्लॉटची जाहिरात करणारा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. गावाचं नाव बदलतं, दावे तेच राहतात: तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला मनाई) रद्द झाली, एक-दोन गुंठे कुणालाही घेता येतात, सातबाऱ्यावर नाव लागेल, प्लॉटला रेरा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा) लागत नाही, पाच वर्षांत पैसे दुप्पट. पहिल्यांदाच जमिनीत पैसे घालणारी नोकरदार माणसं एवढ्यावर टोकन देतात, म्हणून एकेक दावा तपासू.

‘तुकडेबंदी रद्द झाली.’ नाही झाली. तुकडेबंदीचा १९४७चा कायदा कायम आहे. शेतजमिनीसाठी बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. २०२५ साली सूट मिळाली ती शहरांच्या हद्दीतल्या आणि आराखड्यांत निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना. जुने तुकडे नियमित होतात, पण १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांतले. गावापासून दूर, शेती विभागातल्या गटात आज पाडलेल्या दोन गुंठ्यांना यातलं काही लागू होत नाही. म्हणून आधी गट नंबर विचारा आणि त्याचा झोन दाखला (आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) मागा.

‘कुणालाही घेता येते.’ शेतजमीन असेल तर नाही. कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘आमच्याकडून शेतकरी दाखला काढून देऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी उद्या तुमच्याच अंगावर येते.

‘सातबाऱ्यावर नाव लागेल.’ हा दावा सर्वांत फसवा, कारण नाव खरोखरच लागू शकतं. अकरा जण मिळून अकरा गुंठे बागायत घेतात, एकच खरेदीखत होतं, फेरफार (मालक बदलल्याची महसुली नोंद) होतो, सातबाऱ्यावर अकरा नावं येतात. कागदावर तुमचा एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, लिहिलेला असतो, पण तो गटात नेमका कुठे आहे हे सातबारा सांगत नाही. मोजणी, वाटप, बांधकाम परवानगी, विक्री, प्रत्येक पायरीवर उरलेल्या दहा जणांशी गाठ पडते. त्यातला एक वारला की त्याचे वारस येतात, एक परदेशी गेला की सही अडते. अशा सामाईक हिश्श्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. शिवाय सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकी सिद्ध करायला तो एकटा पुरत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे.

त्यालाच जोडून ‘सध्या साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करू, खरेदीखत नंतर’ असंही सांगतात. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, कुलमुखत्यारपत्र म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार. नुसत्या साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, आणि कुलमुखत्यारपत्रावरच्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलं. नोटरीच्या कागदाची तर बातच सोडा.

‘प्लॉटला रेरा लागत नाही.’ लागतो. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठाहून जास्त असतील, तर महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) नोंदणीशिवाय जाहिरात करणंसुद्धा बेकायदा आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. रंगीत नकाशा छापणारी बहुतेक योजना याहून मोठीच असते. नोंदणी असलेल्या प्रकल्पातही नोंदवलेल्या कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि त्या नकाशातला वीस फुटी रस्ता? मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) नसेल, तर ती जागा मूळ मालकाच्याच नावावर राहते. उद्या तो तिथे कुंपण घालू शकतो.

‘पाच वर्षांत दुप्पट.’ भाव वाढतीलही. पण वाढलेला भाव हातात येतो तो गिऱ्हाईक मिळाल्यावर, आणि ज्या जमिनीवर कर्ज मिळत नाही तिला फक्त रोख पैसेवाला गिऱ्हाईक उरतो. तोही आधी वकिलाला कागद दाखवतो. ‘शेजारचा प्लॉट इतक्याला गेला’ असं एजंट म्हणाला, तर त्या व्यवहाराची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) मागा. नोंदवलेली किंमत तिथे दिसते. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, कुंपण आणि विकताना नफ्यावरचा कर वजा केल्यावर ‘दुप्पट’ बरंच आक्रसतं.

शेवटची ओळ नेहमीची: ‘आज टोकन दिलं नाही तर प्लॉट जाईल.’ जाऊ द्या. टोकनच्या आधी मंजूर रेखांकन, बिगरशेतीचा कागद, महारेराचा क्रमांक, भोगवटादार वर्ग (जमीन विकायला सरकारी परवानगी लागते का ते यावरून कळतं) आणि ‘इतर हक्क’ रकाना (कर्ज, बोजा वगैरे) स्पष्ट दिसणारा ताजा सातबारा यांच्या प्रती घ्या, आणि तीस वर्षांचा शोध अहवाल (जमिनीच्या आधीच्या व्यवहारांची तपासणी) आपल्या पैशाने, आपल्याच वकिलाकडून करून घ्या. विक्रेत्याने सुचवलेला वकील नको.