बत्तीस पानी हत्ती

मुलांचं चित्रांचं पुस्तक करतोय म्हटलं की लोकांचे चेहरे एकदम विरघळतात, 'कित्ती गोड!' आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, 'पाचशे शब्द तर असतात, एका दुपारचं काम.' आता काय बोलणार. माझ्याकडे लिहितोही मीच आणि काढतोही मीच, म्हणजे भांडायलासुद्धा बाहेरचं माणूस मिळत नाही.

पहिलं झेंगट पानांचं. पुस्तक 32 पानी, कारण मोठ्या शीटची घडी घातली की 16 पानं होतात, अशा दोन शीट. त्यातून शीर्षक, हक्क वगैरेची पानं वजा जाता गोष्टीला उरतात बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या. माझ्या हत्तीचं दुःखच वीस पानांचं होतं! मग कात्री. 'हत्ती खूप उदास झाला' हे वाक्य मला फार आवडायचं, पण चित्रात त्याची सोंड जमिनीला टेकलीये, मग परत सांगायचं कशाला? गेलं. आणि गंमत कुठे ठेवायची, तर पान उलटल्यावर, समोरच्याच पानावर ठेवली तर पोरगं आधी ती बघून मोकळं होतं.

खरा छळ मात्र हत्तीला दर पानावर तोच हत्ती ठेवण्यात आहे. मफलरची गाठ डाव्या बाजूला, मग तो वळला की गाठ कुठे दिसणार, दिसणार का तरी? पान चारवर दोन सुळे, पान नऊवर एक, आणि मध्ये अपघात झाल्याचा गोष्टीत उल्लेख नाही. जोडपानावर तो ऐटीत मधोमध उभा केला तर डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, शिवल्यावर त्याचा डोळा बरोब्बर घडीत, बघावं तर हत्ती आपला झोपलेला. कडेला 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा पट्टी, सोडायचं म्हणून शेपूट वाढवून काढली, ती कटिंगमध्ये गेली ते वेगळंच. आणि स्क्रीनवर झगमगणारं हिरवं तळं सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेल्यावर शेवाळलेलं दिसतं, कारण स्क्रीनवर उजेड असतो आणि कागदावर नुसती शाई. हे कळतं हो मला, पण तळ्याकडे बघवत नाही.

शेवटी डमी घेऊन नात्यातल्या एका पाच वर्षांच्या समीक्षकाकडे गेलो. हत्तीचं दुःख, मैत्री, शेवटचा आनंद, सगळं त्याने जांभई देत ऐकलं आणि विचारलं, "ती गोगलगाय कुठे गेली?"

कुठली गोगलगाय? तर पान सहावर कोपरा रिकामा वाटत होता म्हणून एक काढून ठेवली होती. तिचं घर कुठेय, ती जेवली का, हत्तीने तिला तुडवलं तर नाही ना, अर्धा तास चौकशी चालली! म्हणून आता गोगलगाय सगळ्या पानांवर, प्रत्येक पानावर थोडी पुढे सरकलेली.

नवी डमी संपादिकाबाईंना पाठवली. त्यांचं उत्तर आलंय: गोगलगाय फारच छान, पण मग हत्ती हवाच आहे का?