म्यूटंट उंदीर-खेकड्यांच्या कादंबऱ्या म्हणजे जॉजची कॉपी? थांबा जरा

एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे म्यूटंट, म्हणजे जनुकं बदलून राक्षसी झालेल्या, प्राण्यांच्या भयकथा म्हणजे माणसं खाणाऱ्या शार्कचा जॉज हिट झाल्यावर पाडलेल्या स्वस्त नकला, विज्ञान शून्य, आणि आत रक्त सोडून काही नाही.

आधी नकलेचं बघू. जॉज ही कादंबरी आली १९७४ ला, सिनेमा १९७५ ला. ब्रिटिश भयकथाकार जेम्स हर्बर्टचं माणसं खाणाऱ्या उंदरांचं 'द रॅट्स' पण १९७४ चंच, मग कॉपी केली कधी, एका रात्रीत लिहून छापलं का? आणि एच. जी. वेल्सने तर १९०४ लाच 'द फूड ऑफ द गॉड्स'मध्ये एक भलतंच खाद्य खाऊन वाढलेले राक्षसी उंदीर नि गांधीलमाश्या आणल्या होत्या. हां, जॉज चालल्यावर प्रकाशकांनी दिसेल त्या प्राण्याला दात बसवले हे खरंय, अगदी गोगलगाईंनाही सोडलं नाही.

विज्ञानाचं मात्र मेसेजवाला अर्धा बरोबर बोलतोय. किरणोत्सर्ग लागला की जिवंत प्राणी डोळ्यांदेखत फुगतो हे बंडलच आहे. हर्मन मुलर या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण मारून म्यूटेशन, म्हणजे जनुकांत बदल, होतात हे दाखवलं, पण ते बदल पुढच्या पिढ्यांत दिसले आणि बहुतेक अपायकारकच होते. शिवाय गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगून ठेवलंय की प्राणी सगळ्या बाजूंनी दसपट केला तर वजन हजारपट होतं पण ते पेलणाऱ्या हाडांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच, म्हणजे घराएवढा खेकडा किनाऱ्यावर चढला तर माणसं खायच्या आधी स्वतःच्याच वजनाने बसेल बिचारा. पण हर्बर्टचे उंदीर केवढे? कुत्र्याएवढे! तिथे हा नियम आडवा येतच नाही, कॅपीबारा हा कुरतडणाऱ्यांच्याच गटातला प्राणी ५० किलोच्या आसपास भरतो आणि निवांत हिंडतो. आणि ते उंदीर रातोरात फुगतही नाहीत, किरणोत्सर्गाने बदललेल्या जातीचा साध्या काळ्या उंदरांशी संकर होऊन पैदास होते, म्हणजे मुलरच्या माश्यांसारखा मामला पिढ्यांचाच. सगळंच विज्ञान शून्य कसं?

आता रक्त. आहे की, बादलीभर आहे, नाकारतंय कोण. पण हर्बर्ट स्वतः ईस्ट लंडनमध्ये वाढलेला, तिथली पडकी घरं, कचरा आणि त्याकडे काणाडोळा करणारे सरकारी लोक हे त्या पुस्तकात पानोपानी आहे, उंदीर तिथूनच येतात. आणि त्याची एक खोड मला फार आवडते, एखाद्या अनोळखी माणसाचं अख्खं आयुष्य दोन-चार पानांत मांडायचं, त्याची एकटेपणाची सवय, त्याचं काय चुकलं ते सगळं, आपण जीव लावायला लागतो न लागतो तोच उंदीर आलेच! नुसतं रक्तच विकायचं असतं तर ही मेहनत कशाला घेतली असती?

गाय एन. स्मिथ या दुसऱ्या भयकथाकाराच्या खेकड्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. १९७६ चं 'नाइट ऑफ द क्रॅब्स' वाचताना मी घाबरलो कमी आणि हसलो जास्त, तरी खाली ठेवलं नाही.